चिंचोक्यांचा डबा

विश्वजीतने कपाटामागची काळी केबल ओढायला घेतली, तशी रेवाने हातातला चहा खिडकीत ठेवला आणि ती धावलीच.

"दादा, टोकाची टोपी काढू नकोस."

"काढल्याशिवाय कपाट सरकणार कसं?"

"ती काढलीस की दोन्ही मशीन मुकी होतात."

"अगं, तासाभरात ती टेम्पोत चढणार आहेत. तिथे कुणाशी बोलायचंय त्यांना?"

गुडघ्यांवर बसून रेवाने केबलीच्या टोकाची धातूची टोपी पुन्हा फिरवून घट्ट केली. टोपी कसली, पेनाच्या टोपणाच्या निम्मी. बाबा म्हणायचे, टोक उघडं राहिलं की बोललेलं तिथे आपटून उलटं फिरतं, आणि मग कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही.

नवीन पनवेलच्या या फ्लॅटमध्ये ती केबल रेवाच्या शाळेच्या दिवसांपासून होती. बाबांच्या खोलीतून निघून, दाराच्या चौकटीवरून, हॉलमधल्या देवघराला वळसा घालून ती स्वयंपाकघराशेजारच्या टेबलापर्यंत जायची. दोन टोकांना दोन जुने कॉम्प्युटर, मागे सुटकेसएवढी पेटी असलेले. बाबा, म्हणजे उदयसिंह, मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होते. पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास तिथल्या एका मजल्यावरची सगळी टेबलं ज्यांनी एकाच केबलीवर जोडली, त्या चार-पाच जणांतले ते एक. तोवर कॉम्प्युटर म्हणजे काचेपलीकडच्या थंड खोलीतली वस्तू. चपला बाहेर काढून आत जायचं. तो माणसाच्या टेबलावर आला आणि शेजारच्या टेबलाशी बोलायला लागला, हे सांगताना बाबांचा आवाज शेवटपर्यंत जरा वर चढायचा. संस्थेने मोडीत काढलेली ही दोन मशीन त्यांनी रिक्षातून मांडीवर घेऊन आणली होती.

आता पेणकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला ती हवी होती. प्रवेशद्वाराशी काचेच्या कपाटात मांडणार होते. विश्वजीतने फोनवर होकार देऊन टाकला होता आणि मग रेवाला कळवलं होतं.

फोन वाजला. टेम्पोवाला निकेश होता.

"म्याडम, पळस्प्याला अडकलोय. कर्नाळ्यापासून रांग हाय, गाडी हलत नाय. तुमी सामान खाली आणू नका अजून."

"नाही आणत," रेवा म्हणाली. तिला बरं वाटलेलं विश्वजीतच्या नजरेतून सुटलं नाही.

बाबांना जाऊन दोन महिने होत आले होते. त्या दिवशी रेवा कामानिमित्त नागपूरला होती. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. नंतरच्या प्रत्येक शनिवारी ती पुण्याहून येई, दोन्ही मशीन सुरू करी, बाबांच्या खोलीतल्या मशीनवरून दुसऱ्याला हाक पाठवी आणि पडद्यावर ओ उमटली की बंद करी. हॉस्पिटलमधली ती संध्याकाळ कशी गेली, हे तिने विचारलं नव्हतं. विश्वजीत फोनवर "अगं, त्या दिवशी बाबा..." म्हणाला की तिला नेमकं आईच्या गोळ्यांचं, नाहीतर पाणीपट्टीचं आठवे.

"पडदे धुवायला टाकायला हवेत," ती आत्ताही म्हणाली.

विश्वजीत कपाटाला टेकून जमिनीवर बसला. "पडदे राहू देत. हे बघ, मला—"

"दादा, मी काय म्हणते, ही मशीन—"

दोघंही थांबले.

"धडक," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

तो शब्द बाबांचा होता. दोन मशीन एकाच वेळी बोलायला लागली की केबलीवर धडक होते. मग दोघांनीही गप्प बसायचं, आपापल्या मनाने थोडं थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. कुणी किती थांबायचं ते नशिबावर सोडायचं. दोघं सारखंच थांबले तर पुन्हा धडक. आधी हवाई बेटांवरच्या लोकांनी रेडिओवर हे करून पाहिलं, मग अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने ते ऑफिसातल्या केबलीवर आणलं, असं बाबा सांगत. सांगून त्यांचं भागलं नाही. जेवताना ही दोघं भावंडं एकाच वेळी बोलायची, म्हणून त्यांनी दोन ताटांच्या मध्ये चिंचोक्यांचा डबा आणून ठेवला. धडक झाली की दोघांनी न बघता मूठभर चिंचोके घ्यायचे आणि एकेक करून टेबलावर मांडायचे. ज्याचे आधी संपतील तो बोलणार. दोघांचे बरोबर संपले तर पुढची मूठ दुप्पट.

आई हात पुसत आली. तिच्या हातात तोच पत्र्याचा डबा होता.

"आई, काहीतरीच काय!" रेवा म्हणाली.

"काहीतरीच कसलं? ऐकतेय केव्हाची. एक पडद्यांवर, एक कपाटावर. ते असते तर कधीच हा पुढे सरकवला असता." तिने डबा दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवला आणि स्वतः बाबांच्या खुर्चीवर बसली. "माझ्या वेळी मात्र त्यांचं नेटवर्क कायम बंद. चारदा हाक मारावी तेव्हा ओ."

विश्वजीत हसला. रेवालाही हसू आलं.

तिने तोंड वळवून डब्यात हात घातला. चिंचोके थंड, गुळगुळीत होते. हाताला लागले तेवढे तिने घेतले. ती लहानपणी या खेळात नेहमी जिंकायची. शाळेतलं भांडण, मैत्रिणीचा वाढदिवस, नवी सायकल, सगळं तिचं आधी सांगून व्हायचं. दादाची पाळी येईपर्यंत ताटं उचललेली असायची. आपलं नशीब चांगलं, असं तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं.

पहिला चिंचोका ठेवताना तिचं लक्ष विश्वजीतच्या हाताकडे गेलं. तो हात डब्यात मनगटापर्यंत गेला होता आणि बोटं तळाशी चाचपत होती. मूठ बाहेर आली तेव्हा फटींतून चिंचोके घरंगळले. ते त्याने दुसऱ्या हाताने गोळा करून पुन्हा मुठीत कोंबले.

"दादा, मुद्दाम जास्त घेतोयस तू."

"हो का?" त्याने मान वर केली नाही. "सवय आहे."

रेवाने आईकडे पाहिलं. आई खुर्चीच्या हातावरचा सोललेलं रेक्झीन अंगठ्याने दाबत होती.

"त्यांना माहीत होतं," आई म्हणाली. "म्हणायचे, याने माझा नियम पार बिघडवला."

विश्वजीत एकेक चिंचोका फरशीच्या रेघेवर मांडत राहिला. त्याचे केस मागून विरळ झाले होते. बाबांचे असेच मागून आधी गेले होते. रेवाच्या हातात दोनच उरले. मग एक. तोही तिने ठेवला.

तिची पाळी आली होती. सकाळपासून वाक्य तयार होतं: मशीन इथेच राहतील, कॉलेजला मी कळवते. खाली हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. पळस्प्याची रांग सुटली असावी.

विश्वजीत मांडायचा थांबला आणि तिच्याकडे बघू लागला, लहानपणी ताटावरून बघायचा तसा.

रेवाने डबा जवळ ओढला. या वेळी तिने तोंड वळवलं नाही. दोन्ही हात आत घातले, ओंजळ काठोकाठ भरली आणि ती मांडीवर घेऊन बसली. एक चिंचोका निसटून कपाटामागे, केबलीच्या टोपीपाशी जाऊन थांबला.

विश्वजीतने हातातले उरलेले चिंचोके डब्यात सोडले. ती ओंजळ धरून थांबली.

"त्या संध्याकाळी," तो म्हणाला, "त्यांनी आधी चष्मा मागितला."

आई उठून बाल्कनीत गेली आणि खाली टेम्पोवाल्याला हात दाखवून थांब म्हणाली.