एक सुई कमी

कारखान्यात तिला सगळे ‘चौकशीबाई’ म्हणत. त्यात कौतुक थोडं आणि कंटाळा जास्त. कारखाना कापडी अस्वलं, हत्ती, ससे शिवणारा. मशीनची सुई मोडली की तिचा तुकडा न् तुकडा सापडेपर्यंत काम बंद ठेवायचं, हा तिथला नियम, आणि तो सगळ्यांकडून पाळून घेणारी ही. उद्या एखादं पोर तो ससा तोंडात घालणार, मग टोक कुठं गेलं ते विचारायला नको? ही विचारायची. पण तेवढ्यावर थांबेल तर ती चौकशीबाई कसली! हत्तीला आधी डोळे का लावतात, मग सोंड का, हेही तिला हवंच असायचं.

तर अशा या बाईचे दिवस उलटून गेले, तरी पोटातलं बाळ बाहेर यायचं नाव घेईना. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत आपसूक कळा आल्या तर ठीक, नाहीतर मागच्यासारखंच ऑपरेशन. ‘मागच्यासारखं’च तर हिला नको होतं. मागच्या वेळी ऐनवेळी धावपळ झाली आणि तिला पूर्ण भूल दिली. शुद्धीवर आली तेव्हा लेक दुपट्यात गुंडाळून चार मांड्या फिरून आलेली. लेकीचं पहिलं रडणं सासूबाईंनी ऐकलं, नवऱ्याने ऐकलं, बाहेर फरशी पुसणाऱ्या बाईनेही ऐकलं. आईने तेवढं ऐकलं नाही. ती लेक आता शाळेत जायला लागली, पण हिची ती सल काही गेली नाही.

म्हणून शनिवारी ती, सुया टोचून कळा येतात का बघायला, सासूबाईंना घेऊन अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या बाईंकडे आली होती. डॉक्टरीणबाईंना विचारूनच. “करून बघा, पण भरवसा धरू नका,” असं त्या म्हणाल्या होत्या.

खोली लहान, स्वच्छ. उशांच्या आधाराने ती कुशीवर लवंडली. पहिली सुई डोक्याच्या मध्यभागी गेली, मन शांत व्हावं म्हणून. मग खांद्यावर, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, घोट्याच्या वर आणि शेवटी पायाच्या करंगळीपाशी. केसासारख्या बारीक सुया. दुखलं म्हणावं तर नाही, पण आत काहीतरी जड होऊन बसल्यासारखं वाटे.

“करंगळीचा नि पोटाचा काय संबंध हो?” तिने विचारलं.

“जुनी माणसं म्हणतात, आहे. अभ्यास करणाऱ्यांचं एकमत नाही. मला विचाराल तर कुणाला गुण येतो, कुणाला नाही.”

“मग आला तो सुईने आला हे कसं ओळखायचं?”

“नाही ओळखता येत.”

या उत्तरावर ती बेहद्द खूश झाली. न येणाऱ्या गोष्टीला सरळ ‘नाही’ म्हणणारी माणसं तिला फार आवडत.

“अगं, बाळालाही थोडं बोलू दे,” खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने बाईंनी सुया काढल्या आणि ट्रेमध्ये ठेवल्या. ही उठून बसली, ट्रेकडे बघितलं आणि म्हणाली, “एक कमी आहे.”

“छे, सगळ्या काढल्या मी.”

“घालताना मोजल्यात मी. एक कमी आहे. सापडल्याशिवाय इथून कुणी हलायचं नाही.”

झालं! सुई टोचून घ्यायला आलेल्या बाईने दवाखानाच बंद पाडला. बाई बिचाऱ्या गुडघ्यांवर बसून पलंगाखाली बघू लागल्या. सासूबाईंनी उशा झटकल्या, पर्सही उलटी केली. सुई पर्समध्ये कशी जाईल, देव जाणे.

“एवढी कसली घाई आहे तुम्हाला कळांची?” बाईंनी खालूनच विचारलं. “काहीजणींना तर ऑपरेशनच बरं वाटतं.”

आणि तिने सांगितलं. इतकी वर्षं नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं, ते पलंगाखालच्या परक्या बाईला सांगून बसली. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. सासूबाईंनी पुढे होऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि “आई गं!” करून मागे घेतला.

“अगं बाई, केसांत आहे की! काखेत कळसा नि गावाला वळसा!”

डोक्यातली सुई काढायची राहूनच गेली होती. बाई ओशाळल्या, माफी मागितली. मग धूळ झटकत उठल्या आणि म्हणाल्या, “एक विचारू? पूर्ण भूल द्यावीच लागेल का, हे तुम्ही डॉक्टरांना विचारलंत?”

सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या बाईने हा एक विचारला नव्हता. विचारलं तर डॉक्टर ‘हो’ म्हणतील, ही भीती होती. खरी भीती तेवढीच होती.

कळा काही आल्या नाहीत. रविवारी पोट जरा आवळलं, सुटलं, आणि जेवण मात्र दुप्पट गेलं. सोमवारी भूल देणारे डॉक्टर समोर आले, तेव्हा तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला आणि विचारलं, “मला झोपवणार का?”

“कशाला? मागच्या वेळी घाई झाली असेल. आज कमरेत इंजेक्शन देऊ, खालचा भाग बधिर होईल. तुम्ही जाग्या राहाल.”

इतकं सोपं होतं ते. तिला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही स्वतःचंच.

ऑपरेशनच्या खोलीत हिरव्या पडद्यापलीकडे काय चाललंय हे तिने दर मिनिटाला विचारलं. हे कसलं ओढताय, तो आवाज कशाचा, आता काय. नर्सने शेवटी हातच टेकले. मग एक बारीक, चिडलेला, ओला आवाज आला. एकदा थांबला आणि मोठ्याने सुरू झाला.

नर्स पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिली. न राहवून तीच वाकून म्हणाली, “अहो, काय झालं ते नाही विचारलंत? मुलगा की मुलगी?”

“थांबा हो जरा,” ती म्हणाली, “आधी ऐकू द्या.”