कोपरावर बांधलेला पट्टा

जखमी कोण होणार, असं शिकवणाऱ्यांनी विचारलं आणि सगळ्यांच्या आधी माझा हात वर गेला. आमची ही म्हणते, तुम्हाला लग्नात नवरदेव आणि मयतात मढं व्हायची हौस. खोटं नाही ते. पण त्या दिवशी कारण वेगळं होतं. मला जावयाची परीक्षा अगदी जवळून बघायची होती.

आमचा क्लब रायफलवाल्यांचा. एका जुन्या गोदामाच्या तळघरात लांबच लांब रेंज, एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला कागदी निशाणं. सगळे हौशी. कुणी वकील, कुणी बेकरीवाला, मी चष्म्याच्या दुकानाचा मालक. सुट्टीच्या दिवशी यायचं, तास दोन तास श्वास रोखून कागदाला भोकं पाडायची आणि घरी जाऊन बायकोला आकडे सांगायचे, एवढाच उद्योग. क्लबानं नवा नियम काढला होता, की प्रत्येकानं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्यायचं आणि तेही जोडीनं. माझी जोडी जावयाशी लागली. म्हणजे लेकीनं लावली. 'बाबा, त्यांना जरा सांभाळून घ्या,' असं तिनं फोनवर दोनदा बजावलं होतं.

आता जावयाबद्दल काय सांगू! माणूस लाखात एक, पण सावकाश. गाडी शिकवायचा त्याचा धंदा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली एक जादा ब्रेक ठेवायचा आणि दिवसभर 'हळू, हळू' म्हणायचं. तेच त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. पाण्याचा पेला मागितला तर आधी पेल्याकडे बघेल, मग पाण्याकडे, मग माझ्याकडे. मी पडलो काचेतला माणूस. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तर मला घास जात नाही. त्याच्या लग्नापासून आजपर्यंत त्याची एकही चूक मी वाया जाऊ दिलेली नाही. खिळा तिरका ठोकला, बोललो. दिवा उलटा लावला, बोललो. तो नुसतं 'हो बाबा' म्हणतो. त्या 'हो बाबा'नं तर माझं डोकं आणखीच फिरतं.

शिकवणारे गृहस्थ पूर्वी अॅम्ब्युलन्सवर होते. हातात एक काळा पट्टा घेऊन त्यांनी छान समजावलं. गोळी हातापायाला लागली आणि रक्त उसळून यायला लागलं, की जखमेच्या वरच्या बाजूला हा पट्टा आवळायचा, त्यातली दांडी पिळायची, रक्त थांबेपर्यंत. दुखणार, जखमी ओरडणार, ओरडू द्यायचं. "सांध्यावर बांधायचा नाही. कोपर, गुडघा सोडून. आणि जाड कपड्यावरून तर नाहीच. कपडा आधी कापायचा."

"जॅकेटसुद्धा?" वकिलांनी विचारलं.

"जॅकेटसुद्धा."

यावर सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. आमची जॅकेटं म्हणजे साधं प्रकरण नव्हे. जाड कॅनव्हास, वर चामडं, कोपराला रबराच्या गाद्या, छातीवर बकलं. मापानं शिवून घ्यायची. एकदा आवळलं की माणूस त्यात खांबासारखा ताठ राहतो, वाकता येत नाही, वळता येत नाही, म्हणून तर नेम हलत नाही. एक वेळ आमच्यातला माणूस स्वतःची कातडी कापू देईल, पण जॅकेट नाही. शिकवणारे हसले आणि म्हणाले, "बरं, आज नुसतं कापल्यासारखं करा."

मग त्यांनी जॅकेट आवळलेल्या माझ्या उजव्या दंडावर आणि उजव्या गालावर लाल रंग फासला. मला सांगितलं, की तुम्ही मदत करायची नाही, उत्तरं द्यायची नाहीत, तुम्ही अर्धवट शुद्धीत आहात. "खरंच काही झालं तर उजवा हात वर करा. सराव तिथल्या तिथे थांबेल."

"ते गप्प बसणार?" बेकरीवाला म्हणाला. हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

मी चटईवर डाव्या कुशीवर पडलो, डावा हात अंगाखाली. गोळी लागलेला माणूस असाच पडतो, असं मला वाटलं. कानांवर आवाज रोखणारे मोठे डबे तसेच ठेवले होते. 'आई गं' म्हणून अशी आरोळी ठोकली, की रेंजवरच्या बाई दचकल्या. या बाई म्हणजे आमच्या लाइनीच्या मालकीणबाई. त्यांच्या शब्दाशिवाय रेंजवर माशी उडत नाही. जखमी तडफडत असला तरी आधी रायफली रिकाम्या, मग माणूस, हा तिथला कायदा. त्यांनी हुकूम दिला, "लाइन बंद! रायफली खाली! कुणी पुढे यायचं नाही!" आणि एकेक रायफल उघडून बघत त्या निघाल्या. मी पडून होतो. तळघराची फरशी गार होती.

तेवढ्यात डोक्यात काहीतरी सरकलं. दुखलं नाही. फळ्यावर लिहिलेलं कुणी पुसावं तसं काहीतरी झालं आणि संपलं. मी लक्ष दिलं नाही.

बाईंनी हात वर केल्यावर जावई आला. धावत नाही, चालत आला. गुडघ्यावर बसला, पट्टा उलगडला, पट्ट्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, मग कापल्यासारखं न करताच जॅकेटवरूनच पट्टा गुंडाळला. आणि कुठे? बरोबर कोपरावर. रबराच्या गादीवर. दोन्ही चुका एका फटक्यात! जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी तोंड उघडलं. म्हणणार होतो, 'जावईबापू, तुम्हाला कोपर कशाला म्हणतात ते तरी माहीत आहे का?' वाक्य तयार होतं, अगदी धार लावलेलं.

तोंडातून 'ब्ब' असं काहीतरी आलं.

पुन्हा प्रयत्न केला. जीभ जागेवर होती पण माझी नव्हती. म्हटलं, एका कुशीवर पडल्यानं झालं असेल. हात बधिर वाटत होता, म्हटलं पट्ट्यानं. पट्टा बांधला की बधिर होतं, हे मघाशीच सांगितलं होतं. मग लक्षात आलं, की पट्टा तर गादीवर आहे, सैल आहे, त्यानं डासही मरणार नाही. आणि पट्टा हाताला आहे. मग पाय का गेला?

उजवा पाय हलव म्हटलं तर हलेना. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या फरशीवर कळलं.

उजवा हात वर करा, सराव थांबेल. मी सगळा जीव त्या हातात घातला. हात माझ्यासमोर पडला होता, लाल रंग फासलेला, माझीच अंगठी घातलेला, आणि तो ऐकत नव्हता. डावा हात अंगाखाली. तो काढायचा तर अंग वळवायला हवं, आणि जॅकेट वळू देईना. मापानं शिवलेलं जॅकेट! शिंप्याला मीच सांगितलं होतं, जरासुद्धा ढिलं नको. राहिला डावा पाय. मी टाच फरशीवर आपटायला लागलो. धप, धप, धप.

"वा!" वकील म्हणाले. "काय तडफडतायत! याला म्हणतात अभिनय!"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डब्यांतून त्या लांबून ऐकू आल्या. मी ओरडलो, निदान मला वाटलं की ओरडलो, आणि ते सगळे हसले. या माणसांबरोबर मी वर्षानुवर्षं चहा प्यायलो होतो. दहा पावलांवर उभी होती ती, आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होतो, आणि ती खूश होती. त्यांचा राग आला, पण त्यांना काय म्हणणार? गाल वाकडा झाला असेल तर त्यावर रंग होता. हात लुळा पडला असेल तर त्यावर पट्टा होता. आणि मी गप्प होतो, कारण मला गप्प राहायलाच सांगितलं होतं. एकूण एक फट बुजवलेली. अशी सोय मी स्वतः केली असती तरी इतकी चोख झाली नसती.

"चला, झालं," शिकवणारे म्हणाले. "दोन चुका आहेत, सांगतो. पुढची जोडी या. यांना जरा पडू दे, दुसऱ्या जोडीलाही हेच जखमी वापरू."

पडू दे! मी लेकीचा विचार केला. ही घरी कुकरपाशी असेल, तिचा केला. कुणीतरी तिला फोन करणार आणि म्हणणार, आम्हाला वाटलं ते नाटक करतायत. रडू आलं. तेही एकाच डोळ्यातून नीट आलं.

जावई उठला नव्हता. गुडघ्यावर बसून माझ्याकडे बघत होता, त्याच्या त्या सावकाश पद्धतीनं. आधी पट्ट्याकडे, मग माझ्या तोंडाकडे. मग पुन्हा पट्ट्याकडे.

"सर," तो म्हणाला, "मी पट्टा कोपरावर बांधलाय."

"हो, तेच सांगणार आहे मी."

"तसं नाही. मी कोपरावर बांधलाय, आणि बाबा मला काही बोलले नाहीत."

पुन्हा हशा. बेकरीवाला म्हणाला, "अहो, सुटलात म्हणा!"

"सांगितलंय ना त्यांना गप्प राहायला," शिकवणारे म्हणाले.

"सांगून ते गप्प राहत नाहीत." जावयाचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नाही. "माझ्या गाडीत शिकणारा माणूस एकदम गप्प झाला ना सर, की मी ब्रेकवर पाय ठेवतो. थांबवा हे सगळं."

आणि त्यानं माझ्या कानांवरचे डबे काढले. वाकून माझ्या तोंडाजवळ आला. "बाबा, चष्म्याचा नंबर काय, अंदाजानं दिला तरी चालतो, नाही का?"

अरे! माझ्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यभराचा धंदा माझ्या आत उभा राहून ओरडत होता, आणि बाहेर आलं ते परत 'ब्ब, ब्ब'. लाळ गळली. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. त्यानं रुमाल काढला आणि माझा गाल खसाखसा पुसला. लाल रंगाखाली काय होतं ते मला दिसलं नाही, पण बाईंचा हात तोंडावर गेला तो दिसला.

पुढचं सगळं भराभर झालं. शिकवणारे एका उडीत आले, मला उताणं केलं, हसा म्हणाले, हात वर करा म्हणाले, आणि मान वळवून ओरडले, "खरं आहे हे! गाडी बोलवा!" मला त्यांचा राग नाही. तिथून पुढे ते एक क्षण वाया न घालवणारे निघाले. जावयानं कात्री उचलली आणि एका शब्दानंही न विचारता माझं जॅकेट गळ्यापासून खालपर्यंत कापत आणलं. कॅनव्हासचा करकर आवाज येत होता. कुणी हसलं नाही. छाती मोकळी झाली आणि मी श्वास घेतला, तेव्हा कळलं की कधीपासून घेतलाच नव्हता.

अॅम्ब्युलन्समध्ये मला बांधून ठेवलं होतं. छातीवर पट्टा, पायांवर पट्टा, डाव्या हातात सुई आणि तो हात फळीला चिकटवलेला. म्हणजे एका तुरुंगातून दुसऱ्यात. जावई उजव्या बाजूच्या बाकावर बसला. गाडी सुसाट निघाली होती, आणि हा, जगातला सगळ्यात सावकाश चालक, पुढच्या माणसाला ओरडून सांगत होता, "जोरात घ्या! अजून जोरात घ्या!" मग तो माझ्याकडे वळला आणि त्यानं माझा हात हातात घेतला.

उजवा.

मला दिसत होतं. त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत. आणि मला काही म्हणजे काही लागत नव्हतं. तो हात तिथे टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखा होता. एवढा मोठा, एवढा चांगला हात माझ्यासाठी आला होता आणि मी त्याला पोचत नव्हतो. 'अहो, तो नव्हे, दुसरा धरा,' एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यात कधी कुणाचा स्पर्श मला इतका हवासा वाटला नव्हता. तो वाकून म्हणत होता, "बाबा, मी आहे. मी आहे ना." मी डोळ्यांत तेल घालून त्या हाताकडे बघत राहिलो, बघून तरी कळतंय का म्हणून.

मी वाचलो. वाचा परत यायला बराच काळ गेला, आणि आली तीही लंगडत. तरी आल्या आल्या कामाला लागली. जावयानं आणलेली काठी बोटभर उंच होती, बोललो. औषधाच्या बाटलीचं झाकण आडवं लावलं, बोललो. तो 'हो बाबा' म्हणतो आणि हल्ली म्हणताना हसतो. लेक म्हणते, यांना शिव्या खायला आवडायला लागल्यात.

कुणी भेटायला आलं की मात्र तो त्या दिवसाची गोष्ट सांगतो, सावकाश, काही न गाळता. शेवटी नेहमी सांगतो, "गाडीत बाबांनी माझा हात असा घट्ट धरून ठेवला होता, सोडेचनात."

मी तिथेच बसलेला असतो. मी काही बोलत नाही.