डाव्या बरगडीखालची माझी जागा

मी एक जुनी रबरी पिशवी आहे, मित्रांनो. दुखऱ्या अंगाला शेक देण्यासाठी जिच्यात गरम पाणी भरतात, ती. माझा रंग एकेकाळी डाळिंबी होता. आता तो कुठे तपकिरी, कुठे राखाडी दिसतो. माझ्या दोन्ही अंगांवर उभ्या रेघा आहेत. पाणी कढत असले तरी कातडीला एकदम चटका बसू नये, म्हणून त्या कोरलेल्या आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मऊ रबराचे दोन तुकडे पोलादी साच्यात दाबून, तापवून मला आकार दिला गेला. मग माझ्यात हवा भरून मला पाण्याच्या टाकीत बुडवले. एकही बुडबुडा आला नाही. तपासनिसाने माझ्या पाठीवर शिक्का मारला, आणि मला वाटले, आता आपण कुणाच्या तरी उपयोगी पडणार.

औषधांच्या दुकानात मी बरेच महिने कापसाच्या गुंडाळ्यांशेजारी लटकत होते. एक दिवस एक कमरेत वाकलेली बाई आली. तिने मला हातात घेऊन दाबून पाहिले, बूच उघडून आत वाकून पाहिले, आणि दुकानदाराला म्हणाली, "माझ्याआधी ही फुटली, तर परत आणून देईन हो." दुकानदार हसला. अशी मी त्या घरात गेले.

घरात तीन माणसे होती. ही सासूबाई, तिचा मुलगा, जो नळदुरुस्तीची कामे करी, आणि सून. सून पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. तिथे सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. मला सासूबाईच्या कमरेसाठी आणले होते. आठवड्यातून एकदा माझी पाळी यायची; बाकी दिवस मी न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असे.

ताई तेव्हा एकशे अठ्ठावीस किलोंची होती. बांधणीच्या कारखान्यात दिवसभर उभे राहून छापील कागदांच्या घड्या घालायच्या, त्या शिवायच्या, खळ लावून पुठ्ठे चिकटवायचे. तिचे गुडघे सुजत. रक्तात साखर वाढली होती. दोन जिने चढून घरी आली की ती दारातल्या स्टुलावर बसे आणि पाच मिनिटे तिला बोलता येत नसे. सासूबाई पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणायची, "बस, बस. जिना कुठे पळून जात नाही."

शेवटी डॉक्टरांनी तिला वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. पोटाची पिशवी लिंबाएवढी लहान करायची आणि आतडे मधून कापून थेट तिला जोडायचे. ताई महिनाभर विचार करत होती. नवरा म्हणाला, "तुला झेपेल का?" ती म्हणाली, "आत्ता जे चाललंय तेही कुठे झेपतंय?"

शस्त्रक्रिया झाली आणि नीट झाली. ताई वाटीभर सूप अर्धा तास घोट घोट पिऊ लागली. वर्षभरात पंचावन्न किलो वजन उतरले. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. ती दोन्ही जिने न थांबता चढू लागली आणि वर आल्यावर उगाच एकदा खाली जाऊन परत चढून यायची. बांधणीचे मालक म्हणाले, "ताई, तुम्ही पुठ्ठ्यामागे उभ्या राहिलात तर शोधावं लागेल." सासूबाई शेजारणींना सांगे, "लोक विचारतात, दुसरी सून आणलीत का. मी म्हणते, तीच आहे, फक्त संक्षिप्त आवृत्ती." ताई हसायची. ते हसणे मी न्हाणीघरातून ऐकले आहे, मित्रांनो. ते मोकळे हसणे होते.

चौदाव्या महिन्यात दुखणे आले.

रविवारची दुपार होती. चार घास खाऊन ताई उठली आणि भिंतीला धरून उभीच राहिली. डाव्या बरगडीखाली कुणी मूठ आवळावी तसे दुखत होते आणि ते थेट पाठीत जात होते. सासूबाईने मला खिळ्यावरून काढले, पाणी तापवले, टॉवेलात गुंडाळून तिच्या कुशीला लावले. दोन तासांनी कळ थांबली. "वारा धरला असेल," सासूबाई म्हणाली. मलाही तसेच वाटले. आपण पहिल्यांदाच तिला बरे केले, या आनंदात मी होते.

आठवड्याने ते पुन्हा आले. मग चार दिवसांनी. मग जेवण झाले की येऊ लागले. माझा खिळा रिकामाच राहू लागला.

ताई डॉक्टरांकडे गेली. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, तोंडातून नळी घालून पोट आतून पाहिले, मोठ्या यंत्रात झोपवून फोटो काढले. प्रत्येक वेळी उत्तर एकच : सगळे नॉर्मल आहे. जिथे शस्त्रक्रिया झाली होती तिथल्या डॉक्टरांनी वजनाचा आलेख पाहिला आणि अभिनंदन केले. दुसऱ्यांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांनी तिला नीट बोलूही दिले नाही. मन शांत राहण्याच्या गोळ्या लिहिल्या आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितले की, अशा शस्त्रक्रियेनंतर काहींना खाण्याची भीती बसते, दुखण्याकडे फार लक्ष देऊ नका.

नवरा वाईट माणूस नव्हता. पण तो नळांचा माणूस होता. गळती असेल तर ओल दिसते, ओल दिसली नाही तर गळती नाही, असा त्याचा हिशेब. फाइल टेबलावर ठेवून तो म्हणाला, "सात रिपोर्ट आहेत. एकातही काही नाही. आता मनातून काढून टाक."

"मनात नाहीये हो," ताई म्हणाली. "इथे आहे."

"मग त्यांना कसं दिसत नाही?"

तिने जेवणच कमी केले. खाल्ले नाही तर दुखत नाही, एवढे तिला समजले होते. वजन आणखी उतरले. केस मुठीने गळू लागले. आणि मित्रांनो, लोक अजूनही तिचे कौतुकच करत होते. जिन्यात शेजारीण थांबवायची आणि विचारायची, "आणखी बारीक झालात, काय करता तरी काय?" ताई हसून काहीतरी सांगायची आणि घरात येऊन दार लावून गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवी व्हायची. तसे केले की कळ थोडी कमी व्हायची. मी तिच्या पोटाला फडक्याने बांधलेली असायचे. तिच्या आत काहीतरी गुरगुरायचे, अडायचे आणि मग एकदम सुटायचे. ते मला माझ्या रबरातून जाणवे. पण मला तोंड नाही. बूच आहे, तेही घट्ट लावलेले.

ती मला कामावरही नेऊ लागली. बांधणीच्या जाड कापडाच्या उरलेल्या पट्टीतून तिने माझ्यासाठी एक खोळ शिवली, तिला दोन बंद लावले आणि मला ॲप्रनखाली बांधले. खळ शिजवायच्या शेगडीवर पाणी तापे. पाणी कोमट झाले की ती ते बदले, कढत घेई, मग आणखी कढत. तिच्या कातडीवर तपकिरी डाग उठू लागले, एकमेकांत गुंतलेले, मासे पकडायच्या जाळीसारखे. ते डाग माझे होते. मी तिला भाजत होते आणि ती मला अधिकच जवळ ओढत होती.

एका संध्याकाळी नवऱ्याने ते डाग पाहिले आणि तो घाबरला. घाबरला की तो चिडायचा. "ही सवय झालीय तुला," तो म्हणाला. त्याने मला रिकामे केले आणि माळ्यावर जुन्या तोट्यांच्या खोक्यात टाकून दिले.

सहा दिवस मी तिथे गंजलेल्या लोखंडात पडून होते. खालून मला ताईचा आवाज ऐकू यायचा. ती रडत नव्हती. हळू, एकसारखी कण्हत होती. सातव्या दिवशी सासूबाई स्टुलावर चढली. ज्या बाईला चप्पल घालायला वाकता येत नसे, ती माळ्यावर हात घालून खोकी उपसत होती. मुलगा धावत आला.

"आई, उतर. पडशील."

"पडले तर मलाही सांगतील, रिपोर्टमध्ये काही दिसत नाही."

"डॉक्टरांनीच सांगितलंय, लक्ष देऊ नका म्हणून."

"तू लहानपणी पोट दुखतं म्हणायचास, तेव्हा मी कागद मागितला होता का रे?" सासूबाई मला छातीशी धरून खाली उतरली. "ही पोरगी शाळा बुडवायला दुखतं म्हणत नाहीये."

त्याने स्टूल उचलून बाजूला ठेवले. पाणीही त्यानेच तापवले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, कामावर दुपारचा चहा झाल्यावर, दुखणे आले आणि गेलेच नाही. ताई कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये ओणवी झाली, तरी ते कमी होईना. तिला कोरड्या उलट्या होऊ लागल्या. ॲप्रन घामाने भिजले होते आणि हात गार पडले होते. मालकांनी कागद उतरवायला आलेला टेम्पो तसाच थांबवला, तिला त्यात गठ्ठ्यांवर झोपवले आणि स्वतः तिचे डोके धरून बसले. मी तिच्या पोटाला बांधलेलीच होते.

रुग्णालयात तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने जुनी फाइल चाळली. "हे सगळं आधी झालंय," तो म्हणाला. "दुखणं थांबायचं इंजेक्शन देतो. घरी न्या." तोपर्यंत नवरा आणि सासूबाई पोहोचले होते. नवरा फाइल परत घ्यायला हात पुढे करत होता.

सासूबाईने त्याचा हात बाजूला केला. तिने ताईच्या पोटावरून माझी खोळ सोडली, कपडा वर केला आणि ती तपकिरी जाळी उघडी केली.

"डॉक्टर, इकडे बघा. फाइल नंतर बघा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नाटक करणारं माणूस स्वतःला इतकं भाजून घेईल का?"

पलीकडच्या खाटेजवळ एक वयस्क शल्यचिकित्सक बाई उभ्या होत्या. त्या आल्या. त्यांनी डागांवरून बोटे फिरवली, पोट हलकेच दाबले आणि ताईच्या तोंडाजवळ वाकून विचारले, "खाल्ल्यावर दुखतं? पाठीत जातं? ओणवं झालं की बरं वाटतं?"

ताईने तिन्ही वेळा मान हलवली. "कधीपासून?" बाईंनी विचारले.

"दीड वर्ष."

बाईंनी तिचा कपडा परत खाली ओढला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आतडं जोडताना आत एक फट राहते. वजन उतरलं, चरबी गेली, की ती मोठी होते. आतडं त्यात घसरतं, अडकतं आणि परत सुटतं. सुटलेलं असताना फोटो काढला, तर काही दिसत नाही. आज ते सुटलेलं नाही. आत्ताच उघडावं लागेल."

नर्सने मला सासूबाईच्या हातात दिले. मी अजून गरम होते. बाकावर बसून तिने मला मांडीवर धरून ठेवले, गार होईपर्यंत आणि गार झाल्यावरही. नवरा समोर उभा होता. एकदाच तो म्हणाला, "आई, मी तिला खोटं ठरवलं." सासूबाईने त्याला जवळ बसवले, पण नाही म्हटले नाही.

चार तासांनी त्या बाई बाहेर आल्या. आतडे पिळले गेले होते आणि बराच भाग काळा पडला होता. अर्ध्याहून जास्त कापून टाकावा लागला. ताई वाचली, पण अन्न अंगी लागायला जेवढे आतडे लागते तेवढे तिच्याकडे आता उरले नाही. "थोडं आधी आली असती तर?" नवऱ्याने विचारले. बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, ही गोष्ट इथे गोड झाली असे सांगता आले असते, तर मला आवडले असते. ताई आता एक्केचाळीस किलोंची आहे. रोज दहा तास तिच्या छातीजवळच्या नळीतून दुधासारखे पांढरे औषध आत जाते. तेच तिचे जेवण. तोंडाने ती दोन चमचे खाते, चवीपुरते. बांधणीचे काम सुटले. मालक अधूनमधून फाटकी पुस्तके घरी आणून देतात. ती बसल्या बसल्या शिवते आणि पंधरा मिनिटांत दमते. नळी कशी स्वच्छ करायची ते नवरा शिकला आहे. हात तीनदा धुतो, नखे पाहतो, आणि मगच नळीला हात लावतो. ती मूठ आवळल्यासारखी कळ मात्र गेली. या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात ताई म्हणाली होती, "मी वेडी नव्हते, एवढं तरी कळलं." नवऱ्याने मान खाली घातली होती.

मला शेवटी सासूबाईने स्वतःच्या कमरेसाठी पुन्हा भरून पाहिले. मी तळाशी चिरले होते, पाणी गळू लागले. तिने मला फेकले नाही. खिडकीच्या कठड्यावर वाळत ठेवले आहे. ऊन लागून मी कडक होत चालले आहे आणि लवकरच माझे तुकडे पडतील.

त्याआधी तुम्हाला एवढेच सांगते. माझ्यासारखी पिशवी घरात जरूर ठेवा. थंडी वाजली, कंबर धरली, तर मी उपयोगी आहे. पण घरातल्या एखाद्या माणसाला मी रोज लागू लागले, तर माझे कौतुक करू नका. मी दुखणे बरे करत नाही, नुसते झाकते. त्या माणसाजवळ बसा आणि कुठे दुखते ते विचारा. तो सांगेल ते खरे धरा. त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि काही नाही म्हणाले तर दुसऱ्यांकडे जा, तिसऱ्यांकडे जा. उशीर करू नका, मित्रांनो. ताईच्या घरी आम्ही सगळ्यांनी तो केला. त्यात मीही होते.