पलंगाची उंची

वृद्धाश्रमांच्या तपासणीसाठी कचेरीतून पहिला फोन आला तेव्हा मी परसात वालाच्या शेंगा तोडत होते. तीन जणांची समिती करायची आहे, आरोग्याची माहिती असलेली एक बाई हवी, तुम्ही याल का, असं विचारत होते. मी लगेच हो म्हटलं. नोकरीत होते तेव्हा सदतीस वर्षं लोक मला अर्ध्या झोपेतून उठवून न्यायचे. निवृत्त झाल्यावर चौदा वर्षांत कुणी कशासाठीही बोलावलं नव्हतं.

समितीच्या प्रमुख मयुरी मॅडम. वय तिशीचं, कामाला चोख, बोलायला गोड. दुसरे एक इंजिनियर. ते भिंती आणि दारं बघायचे आणि चहा न घेता निघून जायचे. तिसरी मी, रुखमा सिस्टर. आमच्या हातात बेचाळीस प्रश्नांचा छापील तक्ता असायचा. होय, नाही, शेरा.

सोमाजीभाऊंचा आश्रम मूल गावाच्या रस्त्यावर, एका बंद पडलेल्या राईस मिलमध्ये आहे. भाऊ शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांनी आणि त्यांच्या सुनेनं, रिनानं, मिळून एकोणीस म्हातारी माणसं सांभाळली होती. आम्ही पौषात गेलो. मला तक्त्याआधी नाकानं तपासायची सवय आहे. दारात उभं राहायचं आणि वास घ्यायचा. मग टाचा बघायच्या, कारण पडून राहणाऱ्या माणसाची कातडी आधी टाचेला आणि माकडहाडाला जाते. मग पाण्याचा गडू हात पोचेल एवढ्या अंतरावर आहे का ते बघायचं. सोमाजीभाऊंकडे वास नव्हता. टाचा धडधाकट होत्या. कुणाला भात मऊ लागतो, कुणाला वांगं चालत नाही, रिनाला तोंडपाठ होतं.

सगळे मात्र जमिनीवर झोपत. फरशीवर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाड थर, त्यावर चटई, वर वाकळ. दोन रांगा, पायाकडे पाय.

मी एका बाईच्या टाचा बघत होते, तर ती म्हणाली, "सिस्टरबाई नं तू? धानोऱ्याची?"

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. तिनं मला आवाजावरून ओळखलं होतं. हात वर करून तिनं माझं डोकं चाचपलं आणि म्हणाली, "काय व बाई, तुही वेणी कुठी गेली?"

ती गुणाबाई होती. हसता हसता माझे डोळे भरून आले.

एकोणीसशे बहात्तरमध्ये मी धानोऱ्याला रुजू झाले तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. मी एकवीस वर्षांची, ट्रेनिंग संपवून आलेली, पांढऱ्या पातळाला डाग पडू नये म्हणून जपणारी. गोंडीचा एक शब्द येत नव्हता. गुणाबाई दवाखान्यात परिचर होती, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. माझी पेटी डोक्यावर घेऊन ती पुढं चालायची, मी मागं. नाला आला की आधी ती उतरून पाणी किती ते बघायची. माझ्या पहिल्याच बाळंतपणाला, एका पाड्यावर, ती पोरगी आढ्याला बांधलेला दोर धरून जमिनीवर उकिडवी बसली होती आणि मी तिला खाटेवर निजवा म्हणून हट्ट धरला होता. गुणाबाईनं माझा हात ओढून मला खाली बसवलं. म्हणाली, "तू खाली ये. ते वर नाई येत." मूल नीट झालं. परतताना मी रुसले होते, तर तिनं वाटेतली टेंभरं, तेंदूची पिकली फळं, तोडून पदरात घातली. तिला मूलबाळ झालं नाही. नवरा गेल्यावर ती पुतण्याकडे राहिली, आणि तोच तिला इथे आणून सोडून गेला होता.

तक्त्यातला सतरावा प्रश्न होता: प्रत्येक निवासीस स्वतंत्र पलंग आहे काय? मयुरी मॅडमनी "नाही"वर खूण केली आणि भाऊंना सांगितलं की हे करावंच लागेल. भाऊ म्हणाले, यांना सवय नाही मॅडम, जन्म गेला जमिनीवर. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आरोग्याचं मी बोलायचं होतं.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी मण्यार सापाची गोष्ट सांगितली. पंच्याऐंशी साली धानोरा तालुक्यातल्या एका गावात आई आणि लेक एका चटईवर झोपल्या होत्या. सकाळी दोघींच्या पापण्या उघडेनात. ना सूज, ना रक्त. मण्यार चावते तेव्हा कळतही नाही. बैलगाडीत माझ्या मांडीवर आधी लेक गेली, दवाखान्याच्या फाटकाशी आई. त्यानंतर मी गावोगाव सांगत फिरले की जमिनीवर झोपू नका. इथे तर तणस होतं. तणसाला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

हे सगळं खरं होतं. पण जमिनीवर झोपणाऱ्यानं मच्छरदाणी लावून तिच्या कडा चटईखाली खोचल्या तर मण्यार आत येत नाही, हेही मीच त्या गावांना सांगत होते. त्या दिवशी ते मी सांगितलं नाही. मला वाटतं, गुणाबाईला तशी तणसावर पाहून मला लाज वाटली होती. मला तिला पांढऱ्या चादरीवर बघायचं होतं.

तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मले वर नोको चढवू बाई. कूस बदलली का पडन मी."

मी म्हटलं, आता राणीसारखी झोप. आजूबाजूचे हसले. तीही हसली. शेऱ्याच्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: निवासी जमिनीवर झोपतात, सर्पदंशाचा गंभीर धोका, पलंग तात्काळ पुरवावेत. पलंग किती उंच असावा ते लिहिलं नाही. कडेला कठडा हवा, तेही नाही. तक्त्यात विचारलेलं नव्हतं.

पुढच्या काही महिन्यांत नागपूरच्या एका बंद झालेल्या दवाखान्याचे लोखंडी पलंग भाऊंना कुणी दान म्हणून दिले. मयुरी मॅडमनी मला फोनवर फोटो पाठवला. एका ओळीत एकोणीस पलंग, पांढऱ्या चादरी. आश्रमाला अ श्रेणी मिळाली. तो फोटो मी शेजारच्या रश्मीला दाखवला, माझ्या बहिणीला सिरोंच्याला पाठवला. आपल्या हातून अजून काही होतं, असं मला वाटलं.

दुसऱ्या तपासणीला आम्ही वर्षभरानं गेलो. मी नेहमीसारखी दारात थांबले. या वेळी वास आला.

चादरी पांढऱ्याच होत्या, पण गाद्या ओल्या होत्या. पलंगांच्या दांड्यांना जुन्या लुगड्यांच्या मऊ चिंध्या गाठ मारून बांधलेल्या दिसल्या. मी रिनाला विचारलं, हे कशाला? उत्तर भाऊंनी दिलं. पलंग आल्यापासून तीन जणं पडली होती. मग झोपताना सगळ्यांनाच कमरेला सैल बांधायला सुरुवात केली. सकाळी सोडायचे. मध्येच कुणाला लघवीला जायचं झालं तर हाक मारावी, पण दहा जणांनी हाक मारली तर रिना एकटी कुणाकुणाकडे जाणार? मयुरी मॅडमनी पेन थांबवलं. तक्त्यात तोही प्रश्न होता, निवासींना बांधून ठेवले जाते काय. भाऊ म्हणाले, "लिहा मॅडम. मी नाई लपवत."

मी विचारलं, तिघांत पहिलं कोण पडलं?

गुणाबाई कोपऱ्यातल्या पलंगावर होती. खुब्याचं हाड मोडून दोन महिने झाले होते. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं, पण तिचं काळीज ऑपरेशन सोसणार नाही म्हणून परत पाठवलं होतं. मला कळवायचं भाऊंच्या मनात आलं होतं. गुणाबाईनंच नको म्हटलं होतं. मी चादर वर केली. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग होता. पाठीखाली हात घातला तर हाताला ओल लागली. रिनानं कमी केलं नव्हतं, दर दोन तासांनी कूस बदलत होती. पण त्या उंचीवर, तशा पायानं, एकट्या बाईला ते नीट जमणारं नव्हतं.

मी नाव घेतलं तशी तिनं मान वळवली. मला वाटलं, आता ही मला बोल लावेल. मी ऐकायला तयार होते.

ती म्हणाली, "पहाटची गोष्ट व बाई. मी पाय टाकला तं खाली जमीनच नाई."

हे सांगताना तिला अजून नवल वाटत होतं. ऐंशी वर्षं तिनं सकाळी पाय टाकला होता आणि जमीन तिथे होती.

मग ती म्हणाली, "मले खाली ने. इथी झोप नाई येऊन राह्यली. वरतं लटकल्यावाणी वाटते."

मयुरी मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्या वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. बांधण्याबद्दल लिहावं लागणार, त्यात आजारी बाई जमिनीवर दिसली तर मान्यता जाईल, मग हे एकोणीस जण कुठे जातील, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. आजची तपासणी होऊ द्या, नंतर बघू. मी गुणाबाईकडे पाहिलं. हृदय, वय, टाच, पाठ. तिच्याकडे "नंतर" किती होतं ते मला बोटांवर मोजता येत होतं.

मी रिनाला म्हटलं, तणस नको, दोन गाद्या घाल. चादरीची चार टोकं भाऊ, रिना, मी आणि मयुरी मॅडम अशी आम्ही धरली. होय, चौथं टोक मॅडमनी धरलं. कुणी सांगितलं नव्हतं. खाली टेकताना गुणाबाई कण्हली. मग तिचा उजवा हात गादीच्या कडेवरून सरकत सरकत फरशीपर्यंत गेला आणि तिथे पालथा पडून राहिला. मी तिच्यावर मच्छरदाणी लावली, कडा चारही बाजूंनी खोचल्या. आम्ही स्वयंपाकघर तपासून आलो तोवर ती गाढ झोपली होती. रिना म्हणाली, दोन महिन्यांत हिचं असं घोरणं ऐकलं नाही.

त्या दिवशीचा शेरा रकान्यात मावला नाही. मी जास्तीचं पान जोडलं आणि लिहिलं की पलंग वीतभर उंचीचे हवेत, मच्छरदाण्या हव्यात, बांधणं आजच बंद व्हावं, आणि देखभालीला आणखी दोन बाया हव्यात.

गुणाबाई अकरा दिवस राहिली. त्यातले चार दिवस मी जाऊन तिच्याजवळ बसले. ती मला धानोऱ्याच्या माणसांची नावं विचारायची. कोण आहे, कोण गेलं. बहुतेक गेलेलेच होते, पण मी काही जणांना जिवंत ठेवलं. बाराव्या दिवशी मी पोचले तेव्हा पुतण्या येऊन तिला घेऊन गेला होता. मातीला मी नव्हते.

पंधरा दिवसांनी सोमाजीभाऊ माझ्या घरी आले. हातात कचेरीचं पत्र होतं. पलंग उपलब्ध असताना आजारी निवासीस जमिनीवर ठेवण्यात आले व तेथेच तिचा मृत्यू झाला, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा. भाऊंनी मला दोष दिला नाही. चष्मा पुसत त्यांनी एवढंच विचारलं की याला उत्तर कसं लिहितात. सातवीच्या पोरांना अर्ज लिहायला शिकवणारा तो माणूस.

मी म्हटलं, तुम्ही लिहू नका. मी लिहिते.

मी दोन परिच्छेद लिहिले. पहिल्यात लिहिलं की गुणाबाई जमिनीवर सुखरूप होती. तिला सवय नाही हे तिनं स्वतः सांगितलं होतं. सर्पदंशावर दुसरा उपाय माहीत असूनही मी पलंग मागितले, उंची आणि कठडा लिहायला चुकले, आणि त्या पलंगावरून पडून तिचं हाड मोडलं. दुसऱ्यात लिहिलं की तिला खाली माझ्या सांगण्यावरून घेतलं, तिच्या इच्छेनं, आणि त्यात सोमाजीभाऊंचा काही दोष नाही.

कचेरीत मयुरी मॅडमनी कागद दोनदा वाचला. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "बाई, दुसऱ्यावर भागतंय. पहिला काढा नं. काऊन स्वतःचं नाव खराब करता?"

आतापर्यंत त्या माझ्याशी पुस्तकी मराठी बोलत आल्या होत्या. "काऊन" ऐकून मला बरं वाटलं. मी म्हटलं, पहिला काढला तर दुसरा कुणाला समजेल? त्यांनी शिक्का मारला आणि पोच दिली.

आश्रमाची मान्यता राहिली. श्रेणी ब झाली. मला पुन्हा समितीत बोलावलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

मागच्या महिन्यात मी तिकडे गेले होते. दारात वास नव्हता. दांड्यांना चिंध्या नव्हत्या. भाऊंनी गावातल्या वेल्डरला बोलावून सगळ्या पलंगांचे पाय कापून घेतले होते. आता ते वीतभर उंच आहेत, कडेला बसलं की तळवे पूर्ण टेकतात. मी बसून पाहिलं. एकोणीस पलंगांना किती वेळ लागला, मी विचारलं. रिना म्हणाली, अर्धा दिवस.