मन्मथप्पाचा सूर्य

"ए रेडिओवाल्या, सूर्य झोपला का बे तुझा?"

मागून ओरड आली आणि कॉलेजचा सगळा मांडव फिदीफिदी हसला. मन्मथप्पाने पुढ्यातल्या रेडिओवरून मान वर केली नाही; सूर्याच्या रेडिओलहरी पकडायला त्यानं तो स्वतः जोडला होता. चौसाळ्यात एकवीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. ब्याण्णव साली गावात केबल आली अन् दुकान बसलं. आता प्राचार्यांनी शब्द दिला होता, "सगळ्यांसमोर सूर्य ऐकवा, प्रयोगशाळेतली नोकरी तुमची." संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह यांना तिथं भाचा चिकटवायचा होता. तेही पहिल्या रांगेत सुपारी चघळत बसलेले.

कर्ण्यातून नुसती खरखर.

"साहेब, त्यो दुपारी वराडतो. पन हुकमानं न्हाई."

"मंग आमी काय मुक्काम करावा?" विजयसिंह म्हणाले. पुन्हा हशा.

"तोवर समजावून सांगा," प्राचार्य पुटपुटले.

मन्मथप्पा उभा राहिला. "सूर्यावर विजेनं भारलेला वायू हाय. त्यातले कण आपापले हालले तर आवाज लई बारीक. पन भडका उडाला की सुसाट कणांचा झोत वायूत घुसतो, लाटा उठवतो. मंग सगळे कण एका ठेक्यात हालतात. हजार कणांची ताकद हजारपट न्हाई, धा लाखपट व्हती. टाळ्या वाजवून बघा. आदी कशाबी... आता एका ठेक्यात!"

मांडव दणाणला.

"बास. आता ऐका."

विजयसिंहांनी मागच्या पोरांकडे वळून भुवई उडवली. टाळ्या थांबेनात. ठेका चढला, शिट्ट्या सुरू झाल्या. हसणाऱ्यांचं ऐकून न हसणारेही त्यात ओढले गेले.

तेवढ्यात रेडिओवरचा काटा थरथरला, चढला, पार टोकाला टेकला.

"आला! अरे, गप बसा की! आला!"

कर्ण्यातली सळसळ त्या गदारोळात कुणाच्या कानी पडणार? काटा प्राचार्यांनी पाहिला. स्पष्ट पाहिला. मग त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, आणि त्यांचेही तळवे ठेक्यात पडू लागले.

अर्ध्या मिनिटात काटा खाली आला.

बायकांच्या रांगेत दानम्मा होती, त्याची बायको. ठेवणीतलं इरकल नेसून आलेली. नवऱ्यासाठी एवढी माणसं टाळ्या वाजवतात, हे तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. डोळे भरलेले, पदर घसरलेला, तीही त्याच ठेक्यात टाळ्या पिटत होती. शेजारणीला सांगत होती, "आमचे मालक हायत ते."

मन्मथप्पाने तिच्याकडे पाहिलं. मग मांडवाकडे वळून दोन्ही हात जोडले आणि वाकून नमस्कार केला.