पिंजणीवरची धाकटी

सकाळची भांडी आवरली की त्या घरातली धाकटी सून नाकातोंडाला फडकं बांधायची आणि जिना उतरून पिंजणघरात जायची. वर घर, खाली गाद्यांचं दुकान आणि दुकानामागे ही बिनखिडकीची खोली. जुन्या गाद्यांतला दबलेला, कुबट कापूस यंत्रात घालायचा. यंत्राचे दाते तो ओरबाडून मोकळा करायचे आणि पलीकडून पांढराशुभ्र, हलका कापूस बाहेर पडायचा. गिऱ्हाइकं त्यावर हात फिरवून खूश होत. त्यातली धूळ कुठे जाते, हा प्रश्न त्यांना पडत नसे. ती धाकटीच्या छातीत जायची.

घराची रीतच होती तशी. बाहेरचा माणूस ठेवायचा नाही, तो कापूस चोरतो. मुलगे बसवायचे नाहीत, त्यांना चार लोकांत उठबस असते, कपडे खराब होतात. उरल्या सुना, आणि त्यांतही जी शेवटची आली ती. सासूबाई नव्या नवरी असताना तिथे बसल्या होत्या. थोरली आली तशा त्या सुटल्या. मग ही आली, तशी थोरली सुटून गल्ल्यावर बसली. सुटताना प्रत्येकीने एकेक खोकला बरोबर नेला होता, पण त्याला खोकला म्हणायची चोरी होती. ‘आमच्या घरात सगळ्यांचाच घसा जरा नाजूक,’ असं सासरे कौतुकाने सांगत. सगळ्यांचा म्हणजे सगळ्या बायकांचा. पुरुषांचे घसे ठणठणीत होते, ओरडायला रोज उपयोगी पडत. तीन वेगळ्या घरांतून आलेल्या तीन बायकांचा घसा एकाच घरात येऊन नाजूक कसा झाला, हे कोडं त्या हुशार व्यापाऱ्याला कधी पडलं नाही. फायद्याच्या गोष्टींचं कोडं माणसाला पडत नसतं.

धाकटीला सत्ताविसावं लागलं होतं. हल्ली जिना चढताना तिला मध्येच थांबावं लागे. सकाळी उठल्याबरोबर खोकून खोकून कफ पडेपर्यंत तिला बोलता येत नसे. नवऱ्याला तिची दया यायची नाही असं नाही. तो कूस बदलून म्हणायचा, “अगं, जरा हळू खोक ना. नीट झोपही मिळत नाही माणसाला.”

शेवटी एके दिवशी बाजाराची पिशवी घेऊन ती निघाली आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी छाती तपासली, नळीत जोरात फुंकायला लावलं आणि खुर्ची जवळ ओढली.

“श्वासनळ्यांची जुनी सूज आहे ही. क्रॉनिक ब्राँकायटिस. मी शिकत होते तेव्हा असे रुग्ण साठीचे असायचे, जन्मभर विड्या ओढलेले. आता तुमच्या वयाची मुलं येतात. कुणी रंगाचे फवारे मारतं, कुणी दिवसभर लाकूड घासतं, कुणी पंचविशीच्या आत सिगारेटी ओढून छातीचं वाटोळं करतं. तुम्ही काय ओढता?”

“कापूस,” धाकटी म्हणाली.

डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या, “ते काम सोडा. नाहीतर माझं औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.”

घरी तिने हे सांगितलं, तेव्हा सासऱ्यांना हसू आलं. “डॉक्टरांनी रोग काढला नाही तर त्यांचं पोट कसं चालेल?” सासूबाईंना मात्र राग आला. “आम्ही नाही बसलो पिंजणीवर? मेलो का?” एवढं बोलताना त्यांनाच अशी ढास लागली की मोरीकडे धावावं लागलं. तोंड पुसत परत येऊन त्यांनी समजूत घातली, “थोडे दिवस काढ गं. शेंडेफळाचं लग्न जमतंय आता. नवी आली की तू सुटशील.”

खोटं कशाला सांगा, धाकटीला बरं वाटलं. पुढचे काही दिवस ती त्याच आशेवर यंत्र चालवत होती.

मग मुलीकडचे घर बघायला यायचा दिवस ठरला. त्या दिवशी पिंजणी बंद. खोली धुतली, दाराला कडी घातली, त्यावर नवाकोरा पडदा लावला. कुणी विचारलंच, तर आत गोदाम आहे असं सांगायचं. सासूबाईंनी दोन्ही सुनांच्या हातावर खोकल्याच्या गोळ्या ठेवल्या आणि बजावलं, “तोंडातली संपली की दुसरी घाला. पाहुण्यांसमोर शोभा नको.” ज्या खोकल्यावर औषध आणायला कुणाला फुरसत नव्हती, त्याला झाकायला डबाभर गोळ्या आल्या होत्या.

मुलगी बालवाडीत शिकवायची. तिचे वडील बरोबर होते. ती जिना चढून आली तीच बोलत, पोरांच्या गमती सांगत, एकदाही न थांबता. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. असा श्वास आपल्यालाही होता, हे ती विसरूनच गेली होती.

स्वयंपाकघरात कप मांडताना तिने थोरलीला विचारलं, “जाऊबाई, हिला कुणी सांगणार आहे का?”

थोरलीने मान वर केली नाही. “गप्प बस. तुला बघायला आले होते तेव्हा मी नव्हते गप्प बसले? मला सुटायचं होतं. तुला नाही का?”

धाकटीने चहा खाली नेला.

घर बघून सगळे आता दुकानात येऊन बसले होते. मुलगी म्हणत होती, “लग्नानंतर शाळा मात्र मी सोडणार नाही.”

“सोडायची कशाला?” सासरे लोण्याहून मऊ आवाजात म्हणाले. “शाळा संपली की घरच्या धंद्याला जरासा हातभार. तोही कापसाचा. फुलाहून हलकं काम!”

धाकटीने चहाचा ट्रे गल्ल्यावर ठेवला, पडदा सारला, कडी काढली आणि आत जाऊन यंत्र सुरू केलं. समोर पडलेल्या जुन्या गादीचा कापूस तिने मुठी भरभरून आत ढकलला. बघता बघता उघड्या दारातून धुळीचा लोट दुकानात आला. सासऱ्यांचा ठेवणीतला कोट पांढरा झाला. मुलीचे वडील रुमाल नाकाला लावून उठले. “बंद कर! वेड लागलंय का तुला?” नवरा ओरडला आणि लगेच खोकू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा घसा नाजूक झाला होता.

धाकटीने बटण बंद केलं. तोंडातली गोळी तिने थुंकून टाकली. मुलीकडे वळून, धापा टाकत ती म्हणाली, “हेच ते फुलाहून हलकं काम. आज माझं आहे. तू आलीस की तुझं. माझी छाती गेली, डॉक्टरांनी सांगितलंय. तुझं तू ठरव.”

मुलीने सासूबाईंना विचारलं, “हे मला कधी सांगणार होतात?”

बापलेक चहा न घेताच गेले आणि ते स्थळ मोडलं.

मग जे व्हायचं ते झालं. “घराची अब्रू घालवलीस!” सासरे गरजले. नवऱ्याने माहेरी पाठवायची धमकी दिली. धाकटी म्हणाली, “मी कुठेही जाणार नाही. स्वयंपाक करीन, गाद्या शिवीन, गल्ला सांभाळीन. पिंजणीवर बसणार नाही.” सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. तिने फक्त नकारार्थी मान हलवली. त्या घरात तिची मान पहिल्यांदाच अशी हलली असावी.

कामं तर अडून बसली होती. मग नाइलाजाने लग्न मोडलेल्या शेंडेफळाला पिंजणीवर बसवलं. दुपारी तो वर आला तो लाल डोळ्यांनी, शिंकत, छाती धरून. सासूबाईंच्या काळजाचं पाणी झालं. गरम पाणी, मध, वाफारा, पाठीला तेल! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला. ज्या भिंतीला भोक पाडलं तर घर कोसळेल असं सुनांना सांगितलं जात होतं, तिला जेवणवेळेच्या आत मोठी खिडकी पडली, धूळ ओढणारा पंखा बसला, तोंडाचे मास्क आले. घर जागच्या जागी होतं. तीन बायकांच्या फुटक्या छात्यांनी जे झालं नव्हतं, ते एका मुलाच्या शिंकांनी झालं. ही माणसं चारचौघांत स्वतःला कुटुंबवत्सल म्हणवून घेत होती, आणि चारचौघं माना डोलवत होते.

पंखा आला म्हणून धाकटीची छाती कोरी झाली नाही. झीज भरून येत नाही, वाढू मात्र द्यायची नाही, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढच्या खेपेला ती दवाखान्यात निघाली, तेव्हा थोरली काही न बोलता चपला घालून बरोबर आली. धाकटीचं तपासून झाल्यावर ती आपण होऊन त्या खुर्चीत बसली आणि इतके दिवस दाबून ठेवलेली ढास तिने एका परक्या बाईसमोर मोकळी केली. बराच वेळ खोकली.

डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. “खोकला कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून,” थोरली म्हणाली. आणि इतक्या वर्षांत हे आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं, हे तिला तिथे बसल्या बसल्या समजलं.