कुणाची लाळ

"खरं सांगा लीलाताई, ही लाळ बाळाचीच आहे ना?"

मुकुंदरावांनी काचनळी प्रयोगशाळेच्या खिडकीच्या उजेडात धरली. स्टँडवरच्या बाकीच्या नळ्या गर्द निळ्या होत्या. ही मात्र पाण्यासारखी स्वच्छ झाली होती, आणि तिचे ते स्वच्छ होणेच संशयास्पद होते. नमुना बाळाचाच आहे ना, हे पाहायची तपासणी साधी होती. पिठाच्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग येतो. त्यात मोठ्या माणसाची लाळ मिसळली तर पीठ विरघळवणारे द्रव्य आपले काम करते आणि निळा रंग विरून जातो. चार-पाच महिन्यांच्या तान्ह्याच्या लाळेत हे द्रव्य जेमतेम असते, म्हणून रंग टिकायला हवा. गेल्या काही आठवड्यांत तो बऱ्याच नळ्यांत टिकला नव्हता. आणि वॉर्डातून लाळ आणणाऱ्या एकट्या लीलाताईच होत्या.

लीलाताईंनी कापसाच्या काड्यांचा डबा हळूच टेबलावर ठेवला. "बाळाची नाही तर कुणाची असणार, साहेब?"

"ते तुम्हीच सांगायचं."

"म्हणजे माझ्या तोंडातली? साफ साफ बोला ना. इतकी वर्षं झाली, कधी गोल गोल बोलला नाहीत माझ्याशी."

"सुकलेल्या मुलाच्या तोंडात काडी भिजायला वेळ लागतो. माणूस कंटाळतो."

"मग माझीपण घ्या. नळी भरून देते, मिलवून बघा."

"त्याचा उपयोग नाही," मुकुंदराव कोरडेपणाने म्हणाले. "या तपासणीत मोठी माणसं सगळी सारखीच."

प्रकल्प डॉक्टर कुलश्रेष्ठांचा होता. जुलाब-उलट्या करणारा विषाणू बाळाच्या पोटात शिरला की त्याच्या खुणा लाळेतही उमटतात. त्या खुणा नीट वाचता आल्या, तर कोणते मूल लवकर सुकणार हे सुई न टोचता, रक्त न काढता आधीच कळेल, अशी त्यांची आशा होती. लीलाताई वॉर्डात खाटेजवळ बसून बाळाच्या गालाच्या आत कापसाची काडी धरत आणि ती भिजेपर्यंत तशाच बसून राहत. बायकांच्या नजरा त्यांच्या पाठीला टोचत. बिर्ला नगरातल्या एका सासूने तर तोंडावरच विचारले होते, "थूक ले जाके क्या करोगी, बहनजी? टोना-टोटका?" जादूटोण्याच्या त्या शंकेवर तेव्हा लीलाताई हसल्या होत्या. आज मात्र त्यांना हसू आले नाही.

त्यातच शहराच्या लष्कर भागातले हे जुने बालरुग्णालय मोठ्या रुग्णालयात विलीन होत होते. दारावरचा फलक उतरला होता आणि कपाटांवर खडूने नवे आकडे पडले होते. कंत्राटावरच्या माणसांपैकी कोण नव्या इमारतीत जाणार आणि कोण घरी, हे ज्याच्या-त्याच्या वरिष्ठाच्या शेऱ्यावर ठरायचे होते. रोज एकत्र डबा खाणारी माणसे आता एकमेकांशी जपून बोलू लागली होती. लीलाताईंचा शेरा मुकुंदरावांच्या हाती होता. शिंदे की छावनीतल्या दोन खोल्यांत अंथरुणाला खिळलेला नवरा आणि शिकणारी मुलगी या नोकरीच्या आधाराने राहत होती, हे मुकुंदरावांना ठाऊक होते. त्यामुळेच त्यांचा संशय आणखी गडद होई. गरजू माणूस चुकतो, असे त्यांचे मत होते.

संशय हा त्यांचा पिंडच होता. टेबलाच्या खणाला कुलूप, किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात. कोपऱ्यात त्यांची स्वतःची सुरई आणि तिच्यावर पालथे घातलेले पितळी फुलपात्र. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे आणि ते स्वतःही कधी त्याला ओठ लावत नसत. आजोबा संस्थानाच्या देवस्थान खात्यात होते. संस्थान गेले, त्याबरोबर खातेही गेले. उष्ट्या-खरकट्याचा विटाळ तेवढा घरात शिल्लक राहिला होता.

कुलश्रेष्ठांनी दारातून डोके आत घातले. "मुकुंदराव जी, लिस्ट जानी है. लीलाजी का क्या लिखूँ?"

"एक दिन दीजिए, सर. सबूत के साथ बताऊँगा."

लीलाताई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी डबा उचलला आणि पदर सारखा करून त्या वॉर्डाकडे निघून गेल्या.

पुरावा म्हणून काय दाखवायचे, हे मुकुंदरावांनी मनाशी ठरवून ठेवले होते. त्यांचा पाच महिन्यांचा नातू नुकताच अशाच जुलाबांतून उठला होता. आपल्या हाताने, आपल्या घरात घेतलेला नमुना. त्यात खोट असण्याचा प्रश्नच नव्हता. ती निळी नळी शेजारी ठेवली, की लीलाताईंच्या नळ्या आपोआप बोलतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी नई सडकेमागच्या त्यांच्या घरात नातू आजीच्या मांडीवर पाय झाडत होता. गळ्यातले लाळेरे ओले झाले होते. मुकुंदरावांनी काडी काढताच राजलक्ष्मीबाईंनी त्याला छातीशी घेतले.

"अहो, आत्ता नको. संध्याकाळी घ्या."

"शामला, याला पाजून किती वेळ झाला?"

सून बँकेत जायच्या घाईत होती. "बहुत देर झाली, बाबा. पहाटेच पाजलं. घ्या ना, दो मिनिट का तो काम आहे."

"झोपेला आलाय तो," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

बायकोचा जीव उगीच हळवा, असे म्हणून मुकुंदरावांनी बाळाच्या गालात काडी धरली. बाळ ती आवडीने चोखू लागले. राजलक्ष्मीबाईंनी खिडकीबाहेर पाहिले.

प्रयोगशाळेत त्यांनी नळी तयार केली आणि स्टँडवर ठेवून ते हात बांधून बसले. निळा रंग फिका झाला. मग आभाळी. मग नाहीसाच झाला.

आयोडीन शिळे झाले असेल म्हणून त्यांनी नवी बाटली फोडली. रंग पुन्हा गेला. आपल्याच बोटांचा संसर्ग झाला असेल म्हणून हात धुऊन, हातमोजे चढवून उरलेली लाळ वापरली. रंग पुन्हा गेला. क्षणभर लीलाताईंचा विचार मनात आला. पण काडी मुकुंदरावांच्याच खिशातून थेट टेबलावर आली होती आणि लीलाताई सकाळपासून वॉर्डाबाहेर पडल्या नव्हत्या. ज्यांच्या-ज्यांच्यावर संशय घेता येत होता, ते सगळे संपले. मग त्यांना सकाळचे ते शब्द आठवले. आत्ता नको, संध्याकाळी घ्या.

भर दुपारी ते कधी घरी येत नसत. रस्त्यावर गरम वाऱ्याची लू वाहत होती. दार नुसते लोटलेले होते. स्वयंपाकघरात राजलक्ष्मीबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि त्यांचा जबडा सावकाश हलत होता. त्यांनी तोंडातला मऊ भात बोटाच्या टोकावर घेतला आणि बाळाच्या जिभेवर ठेवला. बाळाने मिटक्या मारल्या.

"हे काय चाललंय?"

त्या दचकल्या, पण उठल्या नाहीत. पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "बघितलंत ना? मग विचारता कशाला?"

"उष्टं? या घरात?"

"नातवाला कसलं आलंय उष्टं? जुलाबांनी अगदी चिपाड झालं होतं लेकरू. दूध ओढीना. आईनं आम्हा भावंडांना असंच जगवलं."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"कुणाला बोलू? डॉक्टर म्हणतो सहा महिने नुसतं दूध. शामला पुस्तकातलं वाचून दाखवते. आणि तुमच्याशी बोलायची सोय आहे का? तुम्ही माझ्या ताटातली लिंबाची फोडसुद्धा उचलत नाही." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या वसंतालाही असाच भरवलाय. तुम्ही ऑफिसात असायचात."

मुकुंदराव पाटावर बसले. मुलगा चाळिशीला आला होता.

"बाकीच्या बायकाही असं करत असतील?"

"करत नसेल अशी आजी शोधून आणा. डॉक्टरापुढे कबूल कोण होईल?"

ते वाटीकडे बघत म्हणाले, "यापुढे करू नकोस. तोंडातून दुखणंही जातं त्याच्या पोटात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि राजलक्ष्मीबाईंना त्याचेच जास्त नवल वाटले. त्यांनी बाळाचे तोंड लाळेऱ्याने पुसले आणि वाटी बाजूला सारली.

परतताना मुकुंदरावांच्या मनात एक सोपी वाट डोकावून गेली. रसायन खराब निघाले, एवढेच लिहायचे. पण नवे रसायन येईल, रंग पुन्हा जाईल, आणि पुन्हा लीलाताईंकडेच बोट दाखवले जाईल. तेव्हा त्यांच्यासाठी बोलायला आपणही नव्या इमारतीत त्याच खोलीत असू, याची खात्री नव्हती.

कुलश्रेष्ठ त्यांचीच वाट पाहत होते. लीलाताई दाराशी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मुकुंदरावांनी दार लावून घेतले नाही.

"सर, ये देखिए." त्यांनी रंग गेलेली नळी पुढे केली. "ये मेरे पोते की है. मेरी पत्नी चावल चबाकर खिलाती है. वॉर्ड में भी यही हो रहा होगा. लीलाताई का काम साफ है."

"आपके घर में?" डॉक्टर हसले. "आप तो किसी का छुआ पानी तक..." पुढचे शब्द त्यांनी गिळले. "ठीक है. अब से माँओं से, दादियों से पूछना पड़ेगा. प्यार से." त्यांनी यादी ओढून घेतली आणि लीलाताईंच्या नावापुढे खूण केली.

ते गेल्यावर खोलीत दोघेच उरले. लीलाताईंच्या कपाळावर घाम होता. मुकुंदराव उठले. सुरई वाकवून त्यांनी आपले फुलपात्र काठोकाठ भरले आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरले.

"घ्या. तोंड लावून प्या."

लीलाताईंनी फुलपात्राकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"राहू द्या साहेब. आदत झाली आहे."

त्यांनी फुलपात्र घेतले, मान मागे टाकली आणि वरून धार धरून सगळे पाणी प्यायले. ओठ लागला नाही, थेंब सांडला नाही. मग मोरीशी जाऊन ते विसळले, आणले आणि सुरईवर, जिथे असायचे तिथे, पालथे घातले. काड्यांचा डबा उचलून त्या वॉर्डाकडे गेल्या.

फुलपात्राच्या कडेने ओघळलेले पाणी सुरईवरून उतरत खाली फरशीवर साचू लागले. मुकुंदरावांनी ते पुसले नाही.